हँक विल्यम्स : एकोणतीस वर्षांची मैफल

हँक विल्यम्स हे नाव आपल्या हॉस्टेलवर घेतलं तर दहातले नऊ जण विचारतील, हा कोण बुवा? रॉक बँडचे टी-शर्ट घालणारे प्रत्येक विंगमध्ये सापडतात, पण त्या रॉकच्या पायात ज्याची गाणी आहेत तो माणूस मात्र आपल्याला माहीत नसतो. मी ई अँड टीसीचा विद्यार्थी. संगीतातलं शास्त्र मला कळत नाही. मी या माणसापर्यंत पोचलो तो रेडिओच्या वाटेने, आणि पोचलो तो अडकलोच!

मित्रांनो, गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात. १७ सप्टेंबर १९२३ रोजी माउंट ऑलिव्ह या खेड्यात हँकचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव हायरम, पण जन्मदाखल्यावर तेही चुकीचं लिहिलं गेलं. (सरकारी कागद सगळीकडे सारखेच!) वडील लॉन लाकूड कंपनीच्या रेल्वेवर कामाला. ते पहिल्या महायुद्धात लढून आलेले. १९३० साली मेंदूच्या आजाराने त्यांना माजी सैनिकांच्या रुग्णालयात भरती करावं लागलं आणि पुढची आठ वर्षं ते घरी राहायला आलेच नाहीत. सात वर्षांच्या मुलाचा बाप असून नसल्यासारखा झाला. आई लिली मोठी खमकी बाई. मंदीचा काळ, पण तिने बोर्डिंग हाऊस चालवून, म्हणजे खोल्या भाड्याने देऊन आणि भाडेकरूंना जेवण घालून संसार रेटला. आपण हॉस्टेल आणि मेसमध्ये चार वर्षं काढतो. हा पोरगा अशा जागेतच वाढला.

त्यात जन्मतः एक दुखणं पाठीला चिकटलेलं. मणक्याची हाडं नीट जुळलेली नव्हती. स्पायना बिफिडाचा हा प्रकार बाहेरून दिसत नाही, पण पाठदुखी जन्माची. अंगमेहनतीची कामं जमणार नाहीत हे लवकरच कळलं. मग हातात आली गिटार.

ती वाजवायला शिकवली रूफस पेन नावाच्या एका कृष्णवर्णीय कलाकाराने. तो रस्त्यावर गाऊन पोट भरायचा. लोक त्याला टी-टॉट म्हणत. त्या काळच्या अलाबामात गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी, बसायची जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. अशा ठिकाणी एक गोरा मुलगा काळ्या माणसामागे गल्लोगल्ली फिरून ब्लूज शिकत होता. पुढे नाव झाल्यावर हँकने या गुरूचं ऋण उघडपणे मानलं. पण ते ऐकायला गुरू नव्हता. टी-टॉट १९३९ सालीच माँटगोमेरीत गरिबीत वारला होता.

विल्यम्स कुटुंब १९३७ मध्ये माँटगोमेरीला आलं. तिथल्या डब्ल्यूएसएफए या रेडिओ केंद्रावर हँक गाऊ लागला. 'ड्रिफ्टिंग काउबॉइज' नावाचा बँड काढला. आई स्वतः कार्यक्रम ठरवायची, दारावर पैसे गोळा करायची. पण दारूही याच वयात लागली. दुसरं महायुद्ध आलं, पाठीमुळे सैन्यात घेतलं नाही, तेव्हा मोबाइल शहराच्या गोदीत काम केलं. १९४४ च्या डिसेंबरमध्ये ऑड्रे शेपर्डशी लग्न झालं, तेही एका पेट्रोल पंपावर!

१९४६ साली तो नॅशव्हिलला फ्रेड रोझ या गीतकार-प्रकाशकाला भेटला. हँकची गाणी अगदी सोपी असायची. दोन-तीन कॉर्ड्स आणि शेतमजुरालाही कळतील असे शब्द. रोझने त्या गाण्यांना नुसती कानस मारली, मूळ धातू बदलला नाही. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर फिनिशिंग रोझचं, कास्टिंग हँकचं. सोबतीला डॉन हेल्म्सची स्टील गिटार. जुन्या हिंदी गाण्यांत हवाइयन गिटार ऐकली असेल, तर त्याच वाद्याची ही बहीण समजा.

आता माझ्या आवडीचा भाग. १९४८ मध्ये हँक श्रेव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच केंद्रावर 'लुइझियाना हेराइड' या शनिवारच्या कार्यक्रमात गाऊ लागला. या केंद्राचा ट्रान्समीटर ५० किलोवॅटचा, मीडियम वेव्हवर. वेव्ह प्रोपगेशनचा पेपर देणाऱ्यांना आठवेल की दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो मैल पलीकडे उतरतात. म्हणजे हँकचा आवाज रात्री अनेक राज्यांतल्या एकाकी शेतघरांत, ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पोचत होता. परीक्षेत दहा मार्कांसाठी पाठ केलेल्या या डायग्रॅमने एका माणसाचं नशीब बदललं, हे मला कुठल्याही टेक्स्टबुकात वाचायला मिळालं नव्हतं.

१९४९ च्या सुरुवातीला 'लव्हसिक ब्लूज' ही रेकॉर्ड आली. हे जुनं गाणं, हँकने लिहिलेलं नव्हे. पण ते १६ आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं. ११ जून १९४९ रोजी नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'ने त्याला मंचावर बोलावलं. कंट्री गायकासाठी याहून मोठी जागा नव्हती. १९५१ साली टोनी बेनेट या पॉप गायकाने हँकचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' गायलं आणि ते पॉपमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. खेड्यातलं म्हणून नाक मुरडणाऱ्या शहरांनी त्याची गाणी उचलली.

गंमत बघा. याच काळात हँक 'ल्यूक द ड्रिफ्टर' या वेगळ्या नावाने उपदेशपर रेकॉर्ड काढत होता. कारण व्यावहारिक होतं. ज्यूकबॉक्सवाले हँकचं नाव बघून रेकॉर्ड मागवत, त्यांना प्रवचन नको होतं. म्हणजे एकाच गळ्यातून ल्यूक जगाला शहाणपण सांगत होता आणि हँक बाटलीत बुडत होता. कळणं आणि वळणं यातलं अंतर यापेक्षा स्वच्छ मी कुठे पाहिलं नाही.

१९५१ च्या डिसेंबरमध्ये पाठीचं ऑपरेशन झालं, पण दुखणं हटलं नाही. दारूच्या जोडीला वेदनाशामक औषधं आली. १९५२ मध्ये ऑड्रेशी घटस्फोट झाला. कार्यक्रमांना दांड्या, कधी मंचावर पाय लटपटतायत, अशी अवस्था. ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं. त्या वेळी त्याचं 'जांबालाया' बाजारात गाजत होतं! ऑक्टोबरमध्ये बिली जीनशी दुसरं लग्न झालं, तर न्यू ऑर्लिन्समध्ये तो विधीही तिकीट लावून लोकांना दाखवला गेला. आणि भेटला कोण, तर टोबी मार्शल. हा डॉक्टर नव्हताच. पदवी विकत घेतलेली, आधी खोट्या सह्यांच्या गुन्ह्यात तुरुंग भोगलेला. तो हँकला क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची औषधं लिहून देत होता.

नववर्षाला ओहायोतल्या कँटनमध्ये कार्यक्रम होता. हवा खराब, विमान जमेना. ३१ डिसेंबरच्या रात्री नॉक्सव्हिलच्या हॉटेलातून त्याला जवळजवळ उचलून निळ्या कॅडिलॅकमध्ये ठेवलं. त्याआधी तिथल्या डॉक्टरने मॉर्फीन मिसळलेली इंजेक्शनं दिली होती. गाडी चालवायला होता चार्ल्स कार, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला पोरगा. एफई म्हणा ना! वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलजवळ त्याला कळलं की मागच्या सीटवरचा माणूस थंड पडलाय. १ जानेवारी १९५३. वय अवघं एकोणतीस. गॅदरिंगला आपण जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' बेंबीच्या देठापासून गातो ना, त्यातलंच हे वेस्ट व्हर्जिनिया.

कँटनच्या मंचावर त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचंच 'आय सॉ द लाइट' गायलं. माँटगोमेरीतल्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. मृत्यूनंतर आलेलं 'युअर चीटिन हार्ट' पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम सुरू झाला तेव्हा पहिल्या तीन नावांत जिमी रॉजर्स आणि फ्रेड रोझ यांच्याबरोबर हँक होता. २०१० साली पुलित्झरचा विशेष सन्मानही मिळाला.

सन्मानांची यादी वाचताना मला मात्र तो पहिल्या वर्षाचा पोरगाच दिसत राहतो. हँकच्या भोवती माणसं कमी नव्हती. आई, बायका, बँड, मॅनेजर, डॉक्टर म्हणवणारा. पण शेवटच्या रात्री जो तो बघत होता ते एवढंच, की हा कँटनला वेळेवर पोचला पाहिजे. हा आता गाऊ शकत नाही, याला झोपू द्या, खरा डॉक्टर बोलवा, एवढं म्हणायला कुणी नव्हतं. सगळा भार अठराच्या आसपासच्या मुलाच्या स्टिअरिंगवर!

शनिवारी विंग दणाणून सोडणारा आणि सोमवारी लेक्चरला न उठणारा एखादा प्रत्येक हॉस्टेलवर असतो. त्याच्या गाण्याला वन्स मोअर द्याच. पण सोमवारी त्याचं दारही वाजवा.