न्याहारीच्या वाटेवरचे सेनापती

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास चांदणी चौकात उभे राहिले, तर अर्धे पुणे नाश्त्याला निघाले आहे असेच वाटते. दुचाकींचे जथे, मागच्या आसनावर पेंगणारी मुले घेतलेल्या मोटारी, रेनकोट चढवलेले सायकलस्वार असे सारे भूगाव, पिरंगुट, पौड हे टप्पे ओलांडत मुळशीची वाट धरतात. घरी पोहे-उपमा होत नाहीत असे नव्हे. पण कढईतून थेट ताटलीत येणारी कांदाभजी, तर्रीदार मिसळ, ऑम्लेट-पाव आणि वर आल्याचा चहा, तोही समोर पाण्याचा अथांग विस्तार ठेवून, ही मौज घरच्या टेबलावर नाही. रस्त्याकडेच्या टपरीपासून ऐसपैस हॉटेलांपर्यंत सर्वांचा आठवड्याचा धंदा याच दोन-तीन तासांवर उभा असतो. बसायला जागा मागताना गिऱ्हाईक हमखास पाण्याच्या बाजूचीच मागते.

हे पाणी निसर्गाने साठवलेले नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचा हा जलाशय. त्याच्या तळाशी सुमारे ५० गावांची शेते, घरे आणि देवळे आहेत. ती वाचवण्यासाठी झालेल्या लढ्याने एका इंजिनिअर होऊ घातलेल्या बुद्धिमान तरुणाला सेनापती केले. पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे नाव. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरही रविवारी सकाळी हॉटेलांबाहेर रांगा लागतात, आणि रांगेतली तरुण मंडळी त्याला एस. बी. रोड म्हणतात.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी आजच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्या काळच्या पुण्यात घराबाहेर खाणे ही साधी गोष्ट नव्हती. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले, धर्मपीठापर्यंत वाद गेला आणि प्रायश्चित्ते घेण्याची वेळ आली. एका पेल्याने शहर ढवळून निघाले होते. कोणाच्या हातचे, कोणासोबत आणि कोणत्या छपराखाली खायचे, यावर माणसाची समाजातली जागा ठरत होती. बापट अशा पुण्यात शिकत होते. पण त्यांचे मन या वादांत रमणारे नव्हते. चापेकर बंधूंच्या मंडळींपैकी दामोदर बळवंत भिडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि तलवारीवर हात ठेवून त्यांनी देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. १९०३ मध्ये ते बी. ए. झाले.

पुढच्या वर्षी मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले. हेरियट-वॅट कॉलेजात यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला प्रवेश घेतला आणि जोडीला रायफल क्लबात नेमबाजीचे धडे गिरवले. हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर तेथे केलेल्या परखड भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. बापटांनी लंडनचे इंडिया हाउस गाठले. श्यामजी कृष्णवर्मा यांचे ते घर तेव्हा क्रांतिकारकांचा अड्डा होते आणि सावरकरही तेथेच होते. बापट आणि हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या मिळवली. १९०८ मध्ये बापट परतले. अलीपूर बाँब खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतल्याने त्यांना भूमिगत व्हावे लागले. चार वर्षांच्या अज्ञातवासानंतर १९१२ मध्ये इंदूरला ते पकडले गेले. पुराव्याअभावी सुटका झाली तेव्हा ते पारनेरला आले.

बाँबच्या कथेमुळे चरित्रकारांचे लक्ष बहुधा याच पर्वावर खिळते. आम्हाला मात्र त्यानंतरचे पारनेर अधिक मोलाचे वाटते. १ नोव्हेंबर १९१४ रोजी बापटांना मुलगा झाला. बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी गावातल्या अस्पृश्यांना दिली. चहाच्या पेल्यावरून प्रायश्चित्ते घेतली जाण्याला तेव्हा पंचवीस वर्षेही उलटली नव्हती. चित्पावन घरातल्या मंगलकार्यात पहिले पान कोणाचे, हा प्रश्न बापटांनी कोणतीही सभा न भरवता घरच्या अंगणात सोडवला. (पुढे कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले, लव्याजम्यासह तेथे जाऊन स्वतः चहा घेतला आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही पाजला. हॉटेलात जाऊन काही खाणे ही महाराष्ट्रात कधी काळी समाजसुधारणेची कृती होती, हे विसरले जाते.) बापट हातात झाडू घेऊन रस्तेही झाडत. पुण्यात आधी चित्रमयजगत् आणि मग मराठा या पत्रांत नोकरी करतानाही घरापुढचा रस्ता झाडण्याचे व्रत त्यांनी सोडले नाही.

अशा माणसाच्या कानावर मावळातली हाक आली. पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीने मुळशीत धरणाची आखणी केली. या खोऱ्याच्या सखल भागात आंबेमोहर पिके, उतारांवर नाचणी आणि वरई. भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात उतरलेल्या माणसांसाठी घरची बाई टोपलीत न्याहारी घेऊन बांधावर येई. भाकरी, चटणी, कांदा आणि असलेच तर कालवण. आज शहरातला माणूस न्याहारीसाठी घर सोडून मुळशीला जातो; तेव्हा मुळशीत न्याहारीच शेतापर्यंत चालत जात असे. कंपनीच्या नकाशावर हे बांध म्हणजे पाण्याखाली जाणारे क्षेत्र होते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे १,२०० मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. महात्मा गांधींच्या असहकाराचे वारे देशभर होते. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा आणि वृत्तपत्रांचा पाठिंबा मिळाला. कंपनीने काही महिने काम स्थगित ठेवले. सत्याग्रहींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जीव घ्या, पण जमीन मागू नका. बापटांनी विनायकराव भुस्कुटे आदी सहकाऱ्यांसह खोऱ्यातल्या गावोगावी हिंडून लोकांना उभे केले. सेनापती ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात.

लढा मोडला तो केवळ लाठीने नव्हे. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीकडे देण्याचा मार्ग मोकळा केला आणि नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे आला. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या जमीनदार-सावकारांचे हक्क होते. बांधावर न्याहारी खाणारा कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा. मालकाला रोख रकमेत वावगे वाटण्याचे कारण नव्हते. कुळाला मात्र भात पिकवण्यापलीकडे जगण्याची दुसरी वाट ठाऊक नव्हती. या लढ्याचा सखोल अभ्यास करणारे राजेंद्र व्होरा यांनी त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पहिल्याच आंदोलनाला तोच पेच पडला, जो पुढे नर्मदेपर्यंत सगळ्यांना पडला.

बापट वारंवार तुरुंगात गेले. बाहेर येत तेव्हा माणसे आणखी पांगलेली असत आणि भिंत आणखी उंच झालेली. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाच्या रेल्वेमार्गावर धोंडे रचले आणि शस्त्र हाती घेऊन गाडी अडवली. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे जखमी झाली. गांधींच्या अहिंसेची चौकट येथे उघडउघड मोडली. त्या कृतीने एकही गाव वाचले नाही, हे खरे. ज्यांच्यावर गोळ्या चालल्या तेही रोजीरोटीसाठीच धरणावर आलेले होते, हेही बापटांच्या गौरवाच्या लेखनात सहसा येत नाही. ते यायला हवे. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात ते एकांतवासात राहिले. ते कोठडीत असतानाच पाणी चढले. १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे मुळेचे पाणी सह्याद्री पोखरून कोकणात उतरवले गेले आणि त्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला मिळाली.

१९३१ मध्ये सुटल्यावर ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. भाषणांबद्दल लगेच पुन्हा शिक्षा झाली आणि १९३७ पर्यंत ते आतच होते. नंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम, हैदराबाद संस्थानातला सत्याग्रह, गोवामुक्ती, संयुक्त महाराष्ट्र अशी लढ्यांची रांगच लागली. मधल्या निवांत काळात त्यांनी श्रीअरविंदांचा दिव्यजीवन हा ग्रंथ मराठीत आणला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला, तेव्हा ते सदुसष्टीच्या उंबरठ्यावर होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुंबईनेही त्यांच्या नावे रस्ता केला. माहीम-दादरपासून गिरणगावाच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव तुळशी पाइप रोड. तुळशी तलावाच्या जलवाहिनीवरून पडलेले. धरणाशी लढलेल्या माणसाचे नाव धरणाच्या नळावर चढले, आणि तेही ज्या गिरण्यांसाठी मुळशीचे पाणी अडले त्यांच्या दारात. आता तेथे गिरण्यांची जागा काचेच्या इमारतींनी घेतली आहे आणि सकाळच्या न्याहारीची महागडी ठिकाणेही झाली आहेत.

मुळशीत अकराच्या सुमारास गर्दी ओसरू लागते. ताम्हिणीकडे जाणारे पुढे जातात, बाकीचे पुण्याला परततात. २०२१ मध्ये सत्याग्रहाला १०० वर्षे झाली. पाण्याच्या कडेला भजी तळणाऱ्या, कणसे भाजणाऱ्या स्थानिकांपैकी कित्येकांच्या घरात बुडालेल्या गावाचे नाव अजून सांगितले जाते. कढईला थोडी उसंत मिळाली असेल, तर बिल चुकते करताना कोणते गाव, म्हणून विचारून पाहावे.