सचिन नाग

सचिन नाग (५ जुलै, १९२० - १९ ऑगस्ट, १९८७) हे भारतीय जलतरणपटू व वॉटर पोलो खेळाडू होते. १९५१ सालच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत जिंकली. आशियाई स्पर्धेच्या जलतरण शर्यतींत भारताला मिळालेले हे आजवरचे एकमेव सुवर्णपदक आहे.

जीवन

नाग यांचा जन्म वाराणसीत झाला व ते गंगेच्या पाण्यातच पोहायला शिकले. १९३० साली पोलिसांच्या लाठीमारातून सुटण्यासाठी त्यांनी नदीत उडी घेतली आणि तेथे चाललेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत मिसळून तिसरा क्रमांक मिळवला, असे सांगितले जाते. पुढे प्रशिक्षक जामिनी दास यांनी त्यांना कोलकात्यास नेले. तेथे ते हाटखोला क्लबकडून पोहत.

१९४७ च्या दंगलीत त्यांच्या पायाला गोळी लागली. लंडन ऑलिंपिक जेमतेम वर्षभरावर आले होते आणि जखम भरण्यास दोन वर्षे लागतील, असा डॉक्टरांचा अंदाज होता. काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर नाग यांनी सराव पुन्हा सुरू केला. प्रवासखर्चासाठी त्यांना दारोदार वर्गणी गोळा करावी लागली. कोळीगीतामुळे मराठी श्रोत्यांना परिचित असलेले गायक हेमंतकुमार यांनी या कामी त्यांना साहाय्य केले. लंडनमध्ये भारताने वॉटर पोलोत चिलीचा ७-४ असा पराभव केला; त्यातील चार गोल नाग यांचे होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही ते खेळले.

आशियाई स्पर्धा, १९५१

दिल्लीत १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. त्या वेळी ते ३० वर्षांचे होते. याच स्पर्धेत त्यांना रिले शर्यतींत दोन कांस्यपदके मिळाली. ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत आयझॅक मन्सूर, बिमल चंद्र व शंभू साहा हे त्यांचे सहकारी होते. दुसरी मेडले रिले ३ × १०० मीटरची होती. बटरफ्लाय हा तेव्हा स्वतंत्र प्रकार नसल्याने संघात तिघेच पोहत. भारताच्या सुवर्णविजेत्या वॉटर पोलो संघातही नाग होते.

भारताला जलतरणात पुढचे आशियाई पदक १९८६ साली खजान सिंग यांनी मिळवून दिले. त्यानंतरच्या पदकासाठी २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे कांस्यपदक होते. नाग यांना हयातीत मोठा राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार मिळाला नाही. २०२० साली, जन्मशताब्दी वर्षात, त्यांना ध्यानचंद पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला.