शंकर वासुदेव किर्लोस्कर

शंकर वासुदेव किर्लोस्कर (जन्म : सोलापूर, ८ ऑक्टोबर १८९१, मृत्यू : १ जानेवारी १९७५) हे मराठी संपादक, लेखक, व्यंगचित्रकार आणि जाहिरातकलेचे जाणकार होते. ते 'शंवाकि' या संक्षिप्त नावाने ओळखले जात. शेतीची अवजारे तयार करणाऱ्या कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्रिकेचे ते संस्थापक-संपादक होते. या पत्रिकेतूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक आकारास आले.

पार्श्वभूमी

शंकरराव हे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे पुतणे. त्यांनी लाहोर येथे श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले. लक्ष्मणरावांनी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० साली किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्ह्यात) वसवली होती. शंकरराव तेथील कारखान्यात दाखल झाले व प्रसिद्धीचे काम पाहू लागले.

प्रसिद्धीकार्य

कारखान्यात लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक अशी अवजारे तयार होत. यांचा ग्राहक मुख्यतः शेतकरी होता आणि लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, असा समज त्याच्यात रूढ होता. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. लोखंडी नांगर मातीचा थर उलथून टाकतो आणि हरळी-कुंद्यासारख्या तणांची मुळे वर काढतो. हा फरक समजल्याखेरीज नव्या अवजारासाठी पैसे मोजण्यास शेतकरी तयार होणे कठीण होते. त्यामुळे केवळ मालाचे नाव व किंमत छापणारी जाहिरात येथे अपुरी होती. यंत्र काय करते, ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे ग्राहकाच्या परिचयाच्या शब्दांत सांगणे आवश्यक होते. बहुसंख्य शेतकरी निरक्षर असल्याने चित्रांनाही मजकुराइतकेच महत्त्व होते. शंकररावांच्या ठायी लेखन व चित्रकला ही दोन्ही अंगे एकत्र आली होती.

नियतकालिके

१९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू झाली. आरंभी तिचे स्वरूप कारखान्याच्या मुखपत्राचे होते. मालाची माहिती व कारखान्याचे वृत्त यांच्या जोडीला हळूहळू उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा व ललित साहित्य या विषयांना स्थान मिळाले आणि पत्रिकेचा वाचकवर्ग कारखान्याच्या ग्राहकांपुरता उरला नाही. पुढे नावातील 'खबर' हा शब्द गळाला. विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध या मासिकातून प्रसिद्ध झाले. रूढी व अंधश्रद्धांवरील परखड लेखनामुळे मासिकाने सनातनी मंडळींचा रोषही ओढवून घेतला. मालाच्या विक्रीसाठी जन्मलेल्या पत्रिकेच्या दृष्टीने ही भूमिका जोखमीची होती. स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेले 'स्त्री' (१९३०) आणि तरुणांसाठीचे 'मनोहर' (१९३४) ही मासिकेही शंकररावांनी सुरू केली. या नियतकालिकांचे काम पुढे त्यांचे पुत्र मुकुंदराव किर्लोस्कर यांनी सांभाळले.

लेखन

'टाकांच्या फेकी' या शीर्षकाची त्यांची व्यंगचित्रे लोकप्रिय झाली. 'यांत्रिकाची यात्रा' हे त्यांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र असून 'शंवाकीय' हे त्यांचे आत्मचरित्र आहे.