शिकला वकिली, पण लंडनच्या भुयारी रेल्वेला चेहरा दिला तो याच माणसानं

लाल रंगाचं एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध आडवी निळी पट्टी.

लंडनला आयुष्यात कधी न गेलेल्या माणसानंही ही खूण कुठे ना कुठे पाहिलेली असते. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, किचेनवर, नाहीतर एखाद्या इंग्रजी सिनेमात. ही लंडनच्या भुयारी रेल्वेची खूण. ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि जगातली पहिली भुयारी रेल्वे ठरली. पण तिची स्टेशनं, तिथल्या पाट्या, पोस्टर्स, नकाशा, अगदी डब्यातल्या सीटचं कापडसुद्धा बघत राहावंसं वाटतं, त्यामागे प्रामुख्यानं एक माणूस आहे.

गंमत म्हणजे हा माणूस ना चित्रकार होता ना आर्किटेक्ट. तो शिकला होता वकिली. त्याचं नाव फ्रँक पिक.

कापड दुकानदाराचा पोरगा

२३ नोव्हेंबर १८७८ रोजी इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या स्पाल्डिंग गावात फ्रँकचा जन्म झाला. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. पोरगा हुशार निघाला, स्कॉलरशिप मिळवून यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. पुढे यॉर्कमध्येच एका सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १९०२ साली सॉलिसिटर झाला.

पण वकिलीची पाटी काही त्यानं लावली नाही. तो नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत नोकरीला लागला. तिथले वरिष्ठ अधिकारी जॉर्ज गिब यांची त्याच्यावर नजर पडली. १९०६ साली गिब लंडनच्या भुयारी रेल्वे कंपनीचा कारभार बघायला गेले आणि पिकलाही सोबत घेऊन गेले.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोराचं नशीब उघडलं. प्रत्यक्षात तो बुडत्या जहाजावर चढला होता.

कंपनी गाळात, त्यात यानं तोंड उघडलं

त्याचं झालं असं की, १९०६ आणि १९०७ मध्ये या कंपनीनं लंडनखाली तीन नवे खोल मार्ग सुरू केले होते. लेस्ली ग्रीन नावाच्या तरुण आर्किटेक्टनं त्यांची स्टेशनं बांधली. बाहेरून गडद तांबड्या चकचकीत टाइल्स, आणि खाली फलाटावर प्रत्येक स्टेशनच्या टाइल्सची नक्षी वेगळी. दुर्दैव असं की हा ग्रीन १९०८ मध्ये अवघ्या ३३ व्या वर्षी क्षयानं गेला.

स्टेशनं देखणी होती, पण प्रवासी कुठे होते? कंपनीनं जे आकडे गृहीत धरून कर्ज उचललं होतं, त्याच्या जवळपासही गर्दी पोहोचत नव्हती. कंपनी कर्जात रुतली.

पिकला एक गोष्ट खटकत होती. लोकांनी यावं यासाठी कंपनी जी जाहिरात करते ती अगदीच सुमार आहे, असं त्याचं मत होतं आणि ते तो बोलून दाखवायचा. शेवटी जनरल मॅनेजर अल्बर्ट स्टॅन्ली, म्हणजे पुढचे लॉर्ड ॲशफिल्ड, यांनी १९०८ साली जाहिरातीचं काम त्याच्याच गळ्यात मारलं. नावं ठेवतोस ना, मग तूच करून दाखव, असा तो मामला होता.

आता याला जाहिरातीतलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. पण न कळणं हाच त्याचा फायदा ठरला. तो साध्या प्रवाशासारखा स्टेशनवर जाऊन उभा राहिला आणि बघू लागला.

स्टेशनचं नावच सापडेना

त्या काळी स्टेशनच्या भिंती जाहिरातींनी नुसत्या भरलेल्या असायच्या. त्या गर्दीत स्टेशनच्या नावाची पाटी शोधावी लागायची. गाडी थांबते काही सेकंद, तेवढ्यात प्रवाशानं करायचं काय?

पिकनं दोन गोष्टी केल्या. जाहिरातींना ठरावीक चौकटी आखून दिल्या आणि त्या चौकटीबाहेर जायचं नाही असा नियम केला. दुसरं म्हणजे, नावाच्या निळ्या पट्टीमागे भरीव लाल गोल आला, म्हणजे धावत्या गाडीतूनही नजर आधी तिथेच जावी. १९०८ सालचा हा लाल गोल म्हणजे आजच्या त्या जगप्रसिद्ध खुणेचा पहिला अवतार. एका अगदी साध्या अडचणीवरचा हा उपाय होता.

मग पोस्टर्सची पाळी आली. ऑफिसच्या वेळेत गाड्या भरायच्या, पण दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या धावायच्या. पिकनं चांगल्या चित्रकारांना गाठलं आणि त्यांच्याकडून बागा, नदीकाठ, संग्रहालयं, शहराबाहेरची हिरवी शेतं रंगवून घेतली. पोस्टर बघून माणसाला रविवारी घराबाहेर पडावंसं वाटलं पाहिजे, हा हिशोब. एडवर्ड मॅकनाइट कॉफर आणि मॅन रे यांच्यासारख्या कलाकारांनी पुढे या रेल्वेसाठी पोस्टर्स केली. आर्ट गॅलरीत कधी पाऊल न टाकणाऱ्या कामगाराला तिकिटाच्या पैशात रोज नवी चित्रं बघायला मिळू लागली.

अक्षरंसुद्धा स्वतःची हवीत

पाट्यांवरची अक्षरं दहा तऱ्हेची होती. पिकनं सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांना गाठलं. अक्षर साधं हवं, लांबून वाचता यायला हवं आणि ते बघताच ही रेल्वेचीच पाटी आहे, कुठल्या दुकानाची जाहिरात नाही, हे कळायला हवं, अशी मागणी होती. १९१६ साली जॉन्स्टन यांची अक्षरं तयार झाली. इंग्रजी 'आय' अक्षराच्या डोक्यावरचा टिंब गोल नाही, तर शंकरपाळीसारखा आहे. किरकोळ बदलांसह हीच अक्षरं शंभर वर्षांनंतरही लंडनच्या भुयारात दिसतात. लाल गोलाचं पोकळ वर्तुळही जॉन्स्टन यांनीच घडवलं आणि १९१७ मध्ये त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली.

चार्ल्स होल्डनची साथ

पाट्या झाल्या, पोस्टर्स झाली, आता स्टेशनं. १९२० च्या दशकात पिकला आर्किटेक्ट चार्ल्स होल्डन यांची साथ मिळाली. १९२६ साली दक्षिण लंडनकडे मॉर्डनपर्यंत नवा मार्ग गेला, तिथली पांढऱ्या पोर्टलंड दगडातली स्टेशनं होल्डन यांची. रात्री दिवे लागले की दर्शनी भागातली काचेची भलीमोठी खिडकी कंदिलासारखी उजळायची.

मग पिकॅडिली सर्कस आलं. १९०७ मध्ये या स्टेशनातून वर्षाला सुमारे १५ लाख प्रवासी जायचे, १९२२ पर्यंत हा आकडा १ कोटी ८० लाखांवर गेला. लिफ्टना हे झेपणं शक्यच नव्हतं. होल्डन यांनी चौकाच्या खाली गोलाकार तिकीटघर काढलं आणि लिफ्टच्या जागी ११ सरकते जिने आले. १९२८ च्या डिसेंबरमध्ये ते खुलं झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं असंही नाही. १९२९ मध्ये कंपनीचं नवं मुख्यालय उभं राहिलं. त्याच्या भिंतीवर शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी कोरलेल्या नग्न आकृत्या बघून लंडन खवळलं. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. पिकला स्वतःला ती शिल्पं फारशी रुचली नव्हती. पण काम आपल्या अखत्यारीत झालंय, तर जबाबदारी आपली, म्हणून त्यानं थेट राजीनामा देऊ केला. अखेर एपस्टाइन यांनी एका आकृतीचा वादग्रस्त भाग दीड इंचानं कमी केला आणि प्रकरण मिटलं.

१९३० च्या उन्हाळ्यात पिक आणि होल्डन जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि नेदरलँड्सची नवी वास्तुकला बघून आले. परतल्यावर पिकॅडिली लाइनवर जे उभं राहिलं, ते बघायला आजही आर्किटेक्चरची पोरं जातात. सडबरी टाउन म्हणजे विटांची उंच पेटी आणि वर काँक्रीटचं सपाट झाकण. आर्नोस ग्रोव्ह म्हणजे विटा आणि काचेचा उंच गोल ढोल, आत मधोमध एकच खांब. साउथगेट तर जमिनीवर उतरलेली उडती तबकडीच.

त्यात नक्षीकाम नाही, सोनं नाही, संगमरवराचा थाट नाही. भरपूर उजेड, मोकळी जागा, आणि कुठून आत जायचं, कुठून बाहेर पडायचं हे विचारावं न लागणं, एवढीच त्यांची श्रीमंती.

पिक सुट्टीच्या दिवशीही स्टेशनं तपासत फिरायचा. सडबरी टाउन सुरू झाल्यावर तिथे मधेमधे उभी केलेली यंत्रं बघून त्याचा पारा चढला होता. इतक्या विचारानं मोकळी ठेवलेली जागा पुन्हा अडगळीची करायची, हे त्याला सहन होईना. हिरव्या शाईतले त्याचे शेरे आले की ऑफिसात धडकी भरायची.

नकाशा, सीट आणि मॉस्को

१९३१ साली हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं भुयारी रेल्वेचा एक अजब नकाशा काढून दिला. खरी अंतरं नाहीत, खरी वळणं नाहीत, फक्त सरळ आणि तिरक्या रंगीत रेषा. कंपनीच्या जाहिरात खात्यानं आधी तो परत पाठवला. बेकनं पुन्हा प्रयत्न केला आणि १९३३ च्या जानेवारीत तो छापून लोकांच्या हातात पडला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. आज मुंबई किंवा पुणे मेट्रोचा रंगीत रेषांचा नकाशा बघा, तो त्याच घराण्यातला आहे.

त्याच वर्षी लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाखाली आल्या. ॲशफिल्ड अध्यक्ष झाले, पिक उपाध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. सीटच्या कापडाची नक्षीसुद्धा एनिड मार्क्ससारख्या डिझायनरकडून करून घेण्याचा पायंडा याच काळातला. मॉस्कोची मेट्रो बांधताना सोव्हिएत सरकारनं लंडनचा सल्ला घेतला आणि त्यासाठी पिकला सन्मानचिन्ह दिलं.

जी शेतं दाखवली, तीच संपली

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पिकच्या पोस्टर्सनी लोकांना शहराबाहेरच्या शेतांचं वेड लावलं. गाडी तिथपर्यंत पोहोचली आणि पाठोपाठ बिल्डर पोहोचले. १९०७ मध्ये गोल्डर्स ग्रीन स्टेशन झालं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, काही वर्षांत तिथे घरांच्या रांगा लागल्या. हे असंच चालू राहिलं तर लंडन आपल्याच वजनानं गुदमरेल, हे पिकला दिसत होतं. शहराभोवती हिरवा पट्टा राखावा, यासाठी तो बोलत राहिला. रेल्वे वाढवणाराच वाढीला लगाम घाला म्हणत होता.

शेवटचा अंक

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लंडनमधून मुलाबाळांना बाहेर हलवण्याच्या वाहतुकीची तयारी करण्यात पिकचा मोठा वाटा होता. १९४० मध्ये त्यानं मंडळ सोडलं आणि माहिती मंत्रालयात गेला. तिथे त्याचं चर्चिल यांच्याशी वाजलं. शत्रूच्या मुलखात टाकायच्या पत्रकांत पूर्ण खरं नसलेला मजकूर घालायला त्यानं नकार दिला आणि आपण कधी खोटं बोललेलो नाही, असं सुनावलं, असं सांगितलं जातं. चर्चिलनी त्याची खिल्ली उडवली. वर्ष संपता संपता पिक मंत्रालयातून बाहेर पडला.

त्याच सुमारास लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते आणि हजारो माणसं जीव वाचवायला भुयारी स्टेशनांच्या फलाटांवर झोपत होती.

७ नोव्हेंबर १९४१ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं फ्रँक पिक गेला. वय ६२. मूलबाळ नव्हतं. सरकारनं देऊ केलेली 'सर' ही पदवी त्यानं घेतली नव्हती, लॉर्ड होणंही नाकारलं होतं.

२०१६ मध्ये पिकॅडिली सर्कसच्या त्याच गोल तिकीटघरात त्याच्या स्मरणार्थ एक कलाकृती बसवण्यात आली. तिच्यातली अक्षरं जॉन्स्टन यांचीच. समोरून रोज मोठी गर्दी जाते, बहुतेकांना पिक कोण हे ठाऊक नसतं. पण वाट कुणाचीच चुकत नाही. तो आयुष्यभर धडपडला ते यासाठीच.