स्वामी विवेकानंद : सूर, श्वास आणि तंबाखू

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील बूढापारा ही जुन्या वस्तीची पेठ. जवळच बूढा तालाब आहे. आज तो विवेकानंद सरोवर या नावानेही ओळखला जातो, आणि त्याच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा बैठा पुतळा आहे. कोलकात्याच्या या संन्याशाचा रायपूरशी संबंध काय, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडतो. त्याचे उत्तर बूढापाऱ्यातील डे भवन या वास्तूत मिळते. सन 1877 ते 1879 या काळात नरेंद्रनाथ दत्त नावाचा किशोरवयीन मुलगा येथे आपल्या कुटुंबासमवेत राहत होता.

वक्ते आणि धर्मचिंतक म्हणून विवेकानंद जगाला परिचित आहेत. ते उत्तम गायक होते, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी लोकांना ठाऊक असते. ते तंबाखूचे शौकीन होते, ही बाब चरित्रकारांनी लपवलेली नसली तरी तिची चर्चा क्वचितच होते. कंठ आणि श्वास यांवर ज्यांचे सारे कार्य उभे होते, त्या पुरुषाच्या आयुष्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या.

बैलगाडीचा प्रवास

नरेंद्रनाथांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी कोलकात्यात झाला. वडील विश्वनाथ दत्त हे नामवंत ॲटर्नी होते, तर आई भुवनेश्वरीदेवी धर्मनिष्ठ होत्या. वडिलांच्या बैठकीत निरनिराळ्या जातींच्या अशिलांसाठी वेगवेगळे हुक्के ठेवलेले असत. जात मोडली तर नेमके काय होते, हे पाहण्यासाठी लहानग्या नरेंद्राने एकेक हुक्का ओढून पाहिला, ही कथा त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते. जातिभेदाला दिलेले आव्हान म्हणून ती सांगितली जाते. धुराशी त्यांची पहिली ओळख झाली, तीही याच प्रसंगी.

सन 1877 मध्ये विश्वनाथबाबू व्यवसायानिमित्त रायपूरला आले आणि पाठोपाठ कुटुंबही आले. रायपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यापूर्वी सुमारे शतकभर छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल राहिला होता. रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचलेली नसल्याने प्रवासाचा अखेरचा मोठा टप्पा बैलगाडीने, घनदाट अरण्यातून पार करावा लागला. त्याला पंधरा दिवसांहून अधिक काळ लागला. वाटेत डोंगराच्या कड्यावरील प्रचंड मधाचे पोळे पाहून चौदा वर्षांच्या नरेंद्राची भान हरपण्याइतकी तंद्री लागली, असे चरित्रकार नोंदवतात.

रायपूरमध्ये त्यांच्या योग्यतेची शाळा नव्हती, त्यामुळे वडील हेच शिक्षक झाले. घरी येणाऱ्या विद्वानांची चर्चा ऐकणे, बुद्धिबळ, पाककला आणि संगीत असा हा मोकळा अभ्यासक्रम होता. विश्वनाथबाबूंना गाण्याची उत्तम जाण होती आणि मुलाला गाण्याचे पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. आवाज फुटण्याच्या, म्हणजे कंठ बालपण सोडून प्रौढ होण्याच्या वयात नरेंद्र बूढापाऱ्यात होता. पुढे हजारोंनी ऐकलेल्या त्या आवाजाच्या जडणघडणीत म्हणूनच या पेठेचा वाटा आहे.

धृपदाचा रियाज

सन 1879 मध्ये कुटुंब कोलकात्यास परतले. नरेंद्रनाथ प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि महाविद्यालयात दाखल झाले. बेनी गुप्त, अर्थात बेनी उस्ताद, यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे शिक्षण घेतले. पखवाज आणि तबलाही ते वाजवीत. धृपदावर त्यांचे विशेष प्रेम होते. धृपदात स्वर दीर्घकाळ स्थिर ठेवावा लागतो. त्यासाठी छातीचा भाता भरलेला आणि श्वासावर पूर्ण ताबा असावा लागतो.

ब्राह्मो समाजाच्या उपासनेत ते गात. सन 1881 मध्ये एका विवाहसमारंभासाठी तरुण रवींद्रनाथ ठाकुरांनी ज्या गायकांना आपली गीते शिकवली, त्यांत नरेंद्रनाथही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरेंद्रनाथ मित्र यांच्या घरी गाण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. तेथे रामकृष्ण परमहंस उपस्थित होते. त्या गायनाने परमहंस भारावले आणि त्यांनी या तरुणाला दक्षिणेश्वरी येण्याचे निमंत्रण दिले. गुरुशिष्यांची भेट घडवून आणली ती आवाजाने.

सन 1887 मध्ये वैष्णवचरण बसाक यांच्यासमवेत संपादित केलेला ‘संगीत कल्पतरू’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चोवीस वर्षांच्या युवकाने संगीतशास्त्र आणि गीते यांचा असा संग्रह सिद्ध करावा, यावरून त्यांच्या व्यासंगाची कल्पना येते.

त्याआधीच एक मोठा आघात झाला होता. रामकृष्णांना घशाचा कर्करोग जडला. त्यांचा आवाज क्षीण होत गेला आणि अन्न गिळणेही अशक्य झाले. काशीपूरच्या उद्यानगृहात नरेंद्रनाथांनी त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांना भजने ऐकवली. 16 ऑगस्ट 1886 रोजी परमहंसांनी देह ठेवला. कंठाचा आजार माणसाला कोठवर नेतो, हे शिष्याने जवळून पाहिले होते.

बेळगावातील कबुली

परिव्राजक अवस्थेतील त्यांच्या चिलमीची कथा प्रसिद्ध आहे. सन 1888 मध्ये वृंदावनच्या वाटेवर त्यांनी एका माणसाकडे चिलीम मागितली. आपण भंगी असल्याचे त्याने सांगताच ते पुढे निघून गेले. मात्र संन्याशाला जात कसली, या विचाराने ते माघारी फिरले आणि त्याच्याच हातची चिलीम ओढली.

सन 1892 मध्ये ते महाराष्ट्रात आले. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी त्यांनी काही दिवस मुक्काम केला. तेथून ते कोल्हापूरला आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला गेले. बेळगावात ते भाटे यांच्याकडे उतरले. संन्याशाने जेवणानंतर विडा मागितला आणि पुढे खाण्याची तंबाखूही मागितली, याचे त्या मराठी कुटुंबाला मोठे नवल वाटले. भाटे यांच्या पुत्राने पुढे लिहिलेल्या आठवणींत या प्रसंगाचे स्पष्टीकरणही नोंदलेले आहे. रामकृष्णांच्या सहवासात आपले जीवन पालटले, परंतु पूर्वायुष्यातील काही सवयी सोडणे जमले नाही आणि त्या फारशा महत्त्वाच्या नसल्याने आपण त्या राहू दिल्या, असा स्वामीजींच्या सांगण्याचा आशय होता.

घर, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांचा त्याग करणाऱ्या पुरुषाने एका सवयीपुढे आपली मर्यादा मोकळेपणाने मान्य केली होती. त्या काळी तंबाखूकडे व्यसन म्हणून फारसे कोणी पाहत नसे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठामपणे दाखवणारे संशोधन 1950 मध्ये, त्यांच्या निधनानंतर जवळजवळ अर्धशतकाने, पुढे आले.

शिकागो आणि त्यानंतर

11 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत हजारो श्रोत्यांसमोर त्यांनी पहिले भाषण केले. ध्वनिवर्धकाचा जमाना अद्याप यायचा होता. वक्त्याचा कंठ आणि श्वास एवढीच साधने होती. त्यांच्या भारदस्त, घुमणाऱ्या आवाजाची तुलना फ्रेंच लेखक रोमां रोलां यांनी चेलो या तंतुवाद्याच्या नादाशी केली आहे. विख्यात फ्रेंच ऑपेरा गायिका एमा काल्व्हे यांनाही त्या आवाजाने मोहिनी घातली होती.

यानंतर काही वर्षे अमेरिका आणि इंग्लंडमध्ये व्याख्यानांची अखंड मालिका चालली. जागरण, प्रवास आणि थंड हवामान यांचा ताण शरीरावर पडत होता. धूम्रपान तेथेही चालूच होते आणि साधुपुरुषाची ठरावीक प्रतिमा मनात बाळगणाऱ्यांना त्याचे आश्चर्य वाटे. सन 1897 मध्ये भारतात परतल्यावर प्रकृती ढासळू लागली. मधुमेहाचे निदान झाले. डिसेंबर 1898 मध्ये बेलूर मठाची प्रतिष्ठापना झाली आणि त्याच सुमारास देवघर येथे त्यांना दम्याचे तीव्र झटके आले. सन 1901 मध्ये शिलाँगच्या मुक्कामातही श्वासाने छळले. धृपदाच्या रियाजाने घडलेल्या त्या छातीला आता साधा श्वास घेणेही कष्टाचे झाले होते.

या आजारांचे खापर एकट्या तंबाखूवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. अतिश्रम, मधुमेह आणि हवामान ही कारणेही होती. मात्र तंबाखूचा धूर दम्याचे झटके वाढवतो, हे आज निर्विवाद आहे.

कंठावर होणारा परिणाम

स्वरतंतू गाताना सेकंदाला शेकडो वेळा कंप पावतात. त्यासाठी त्यांवरील आवरण ओलसर आणि लवचिक राहणे आवश्यक असते. धुरामुळे ते कोरडे पडते, दाह होतो, कफ साठतो आणि दीर्घकाळच्या सवयीने सूज येते. सुजलेले स्वरतंतू जड होतात. परिणामी आवाज खाली उतरतो, घोगरा होतो आणि वरच्या सप्तकातील स्वर निसटू लागतात. फुप्फुसांची क्षमता घटल्याने लांब तान मध्येच तुटते. हुक्क्यातील पाणी धुरातील विषारी द्रव्ये गाळून टाकते, ही समजूतही चुकीची आहे. तंबाखू खाण्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

तंबाखूने आवाजाला वजन येते, असा समज काही गायकांमध्ये आढळतो. विवेकानंदांचे उदाहरण त्याला आधार देत नाही. अठराव्या वर्षीच त्यांच्या गायनाने परमहंसांना भारून टाकले होते. त्यांच्या आवाजाचे वजन निसर्गदत्त देणगीचे आणि रियाजाचे होते.

सवय सोडल्यास कंठ बऱ्याच अंशी सावरतो. सुरुवातीचे काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा कार्यरत होऊन कफ बाहेर टाकू लागतात. पुढील काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. स्वरतंतूंची सूज हळूहळू उतरते, जुनाट सुजेला मात्र शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका वर्षागणिक घटत जातो. ही माहिती 1892 मधील बेळगावात कोणापाशीच नव्हती.

अखेरचा सूर

4 जुलै 1902 रोजी बेलूर मठात स्वामीजींनी सकाळी सुमारे तीन तास ध्यान केले आणि गीत गुणगुणत ते जिना उतरले. दुपारी त्यांनी ब्रह्मचाऱ्यांना संस्कृत व्याकरण शिकवले. त्याच रात्री वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

रायपूरच्या विमानतळाला 2012 मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. बैलगाडीने पंधरवडा घेणारी वाट आता काही तासांची झाली आहे. बूढापाऱ्यातील त्या घरात एका पित्याने मुलाचा कंठ घडवला. तो कंठ जपण्यासाठी काय टाळावे, हे त्या पित्याला ठाऊक असण्याचा काळच नव्हता. आज गाणे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी ते ठाऊक आहे.