फुलांचा फ्रॉक आणि चित्रकार क्लोद मोने



आमच्या शाळेत वाढदिवसाला गणवेशाऐवजी रंगीत कपडे चालतात. मागे दुसरीतली एक मुलगी नवा फ्रॉक घालून आली. त्यावर निळी, जांभळी, गुलाबी फुलं होती, पण एकाही फुलाला नीट कड नव्हती. सगळे रंग एकमेकांत मिसळलेले. मुलं लगेच म्हणायला लागली की धुताना हिच्या फ्रॉकचा रंग पसरलाय. वाढदिवसाच्या दिवशी पोर रडकुंडीला आली. मग मी मोबाइलवर क्लोद मोने यांचं कुमुदिनीच्या तळ्याचं चित्र काढलं आणि वर्गभर फिरवलं. फ्रॉक आणि चित्र, दोन्हीकडे तीच फुलं! असे कापड आज जगभर विकलं जातं. त्या दिवशी मुलांना जी गोष्ट सांगितली तीच जरा सविस्तर इथे देतेय.

मोने यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1840 रोजी पॅरिसचा. ते लहान असतानाच घरचे ल आव्र या बंदराच्या गावी राहायला गेले. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता आणि मुलानेही तेच करावं असं त्यांना वाटायचं. पण मुलाचं लक्ष वहीत शिक्षकांची व्यंगचित्रं काढण्यात! पुढे गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून तो ती विकायलाही लागला. तिथेच त्याला युजीन बूदाँ हे चित्रकार भेटले. खोलीत बसून नाही, तर उघड्यावर जाऊन, समोर बघून चित्र काढायचं, हे त्यांनी त्याला शिकवलं. सोळाव्या वर्षी आई गेली. मावशी-आत्याच्या नात्यातल्या एका बाईंनी त्याच्या चित्रकलेला आधार दिला.

पॅरिसमध्ये मोने यांना कामीय नावाची तरुणी भेटली. 1866 मध्ये त्यांनी बागेतल्या चार स्त्रियांचं एक भलंमोठं चित्र सुरू केलं. कॅनव्हास अडीच मीटर उंच. वरचा भाग रंगवताना हात पोचेना, म्हणून त्यांनी बागेत चर खणला आणि कॅनव्हास त्यात खाली-वर करता येईल अशी सोय केली. वेगवेगळे पोशाख घालून त्यातल्या तीन स्त्रियांसाठी कामीयच उभी राहिली. मोने यांनी तिच्या पांढऱ्या पोशाखावरची झाडांची सावली काळी नाही, निळसर रंगवली. कारण डोळ्यांना ती तशी दिसत होती.

1867 मध्ये सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. त्याच वर्षी मुलगा झाला, जाँ. घरच्यांना कामीय मान्य नव्हती आणि खिशात पैसे नव्हते. तेव्हा फ्रेडरिक बाझील हा चित्रकार मित्र धावून आला. त्याने ते नाकारलेलं चित्र अडीच हजार फ्रँकला घेतलं आणि दरमहा पन्नास फ्रँक असे हप्ते ठरवले. हाच मित्र 1870 च्या युद्धात मारला गेला.

1874 मध्ये मोने आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःचंच प्रदर्शन भरवलं. त्यात मोने यांचं बंदरावरच्या सूर्योदयाचं एक चित्र होतं. त्याच्या नावात फ्रेंचमधला ‘ठसा’ या अर्थाचा शब्द होता. एका टीकाकाराने तो शब्द धरून सगळ्यांची टर उडवली. चित्रं अर्धवट वाटतात, असं त्याचं म्हणणं. आमच्या वर्गातल्या मुलांना फ्रॉक तसाच वाटला होता! पुढे तेच टिंगलीचं नाव या सगळ्या चित्रकारांना चिकटलं. आज आपण त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतो.

1879 मध्ये कामीय आजारपणात गेली. दोन मुलगे लहान होते, धाकटा तर दीड वर्षांचा. आलीस या बाईंनी आपल्या सहा मुलांबरोबर या दोघांनाही वाढवलं. 1883 मध्ये हे सगळं कुटुंब जिव्हर्नी गावात भाड्याच्या घरात आलं. चित्रं विकली जाऊ लागल्यावर मोने यांनी ते घर विकत घेतलं, शेजारच्या जमिनीत तळं करून त्यात कुमुदिनी लावल्या. या परदेशी रोपांनी पाणी बिघडेल म्हणून गावकऱ्यांनी आधी विरोध केला होता. तळ्याची अडीचशेच्या आसपास चित्रं त्यांनी काढली.

1912 मध्ये डॉक्टरांनी मोतीबिंदूचं निदान केलं. रंग मळकट, पिवळट दिसू लागले. आधी आलीस गेली होती, 1914 मध्ये मोठा मुलगा जाँही गेला. तरी त्यांनी तळ्याची प्रचंड मोठी चित्रं करायला घेतली. नळ्यांवरची नावं वाचून, पॅलेटवर रंगांची जागा ठरवून ते रंग लावायचे. जे मनासारखं झालं नाही ते फाडून टाकायचे. 1923 मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ही चित्रं फ्रान्सला भेट द्यायचं ठरवलं होतं. त्या व्यवहारात एक अट होती: पूर्वी नाकारलेलं बागेतल्या स्त्रियांचं चित्र सरकारने विकत घ्यावं. 1921 मध्ये सरकारने ते दोन लाख फ्रँकला घेतलं.

5 डिसेंबर 1926 रोजी, 86 व्या वर्षी मोने गेले. असं सांगतात की शवपेटीवर रिवाजाप्रमाणे काळं कापड घातलेलं पाहून त्यांचे मित्र, माजी पंतप्रधान क्लेमान्सो यांनी ते काढायला लावलं आणि फुलाफुलांचं कापड पांघरलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या ओरांजरीत तळ्याची ती चित्रं लोकांसाठी खुली झाली.

गोष्ट संपल्यावर वाढदिवसाची मुलगी फ्रॉक पसरून मधल्या सुट्टीभर सगळ्यांना फुलं दाखवत होती. मी मात्र त्या दिवशी चित्रकलेच्या वह्या काढून बसले. कित्येक पानांवर मीच लाल पेनाने शेरा मारला होता, की रंग रेषेबाहेर गेला. एका मुलाने झाडाची सावली जांभळी रंगवली होती, तिथेही मी चूक दाखवली होती. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन अंगणात गेले. दहाच्या उन्हात कडुलिंबाची सावली पाहिली. खरंच जांभळट होती.

वर्गात करून पाहा: एकच झाड सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना रंगवायला द्या. रेषा आखून देऊ नका. तिन्ही कागद शेजारी लावा आणि काय बदललं ते मुलांनाच सांगू द्या. पालकांनी हेच घरच्या खिडकीतून करून घ्यावं.