३५ शाळा आणि एक राजीनामा : पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर

पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले ते विधवाविवाहाच्या चळवळीमुळे. त्यांच्या या विषयावरील ग्रंथाचा मराठी अनुवाद विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ साली केला. मात्र इंग्रजी अमदानीतील शिक्षणखात्यात त्यांना आलेला अनुभव आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

२६ सप्टेंबर १८२० रोजी मेदिनीपूर परिसरातील बीरसिंह गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांबरोबर कोलकात्यास पायी येताना मैलांच्या दगडांवरून ते इंग्रजी अंक शिकले, अशी आख्यायिका आहे. १८२९ साली ते संस्कृत कॉलेजात दाखल झाले आणि १८५१ साली त्याच संस्थेचे प्राचार्य झाले. तोवर केवळ ब्राह्मण व वैद्य मुलांसाठी असलेले हे विद्यालय त्यांनी प्रथम कायस्थांना व पुढे इतर प्रतिष्ठित हिंदूंना खुले केले. अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत मात्र हे दार उघडले नाही. पुण्यात जोतीराव फुले त्याच काळात त्यांच्यासाठी शाळा काढीत होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने देशी भाषांतील शिक्षणास व स्त्रीशिक्षणास अनुकूलता दर्शविली होती. पुढील वर्षी प्राचार्यपद सांभाळूनच विद्यासागरांकडे हुगळी, बर्दवान, मेदिनीपूर व नदिया या जिल्ह्यांतील शाळांच्या तपासणीचे काम आले. त्यांनी २० आदर्श शाळा उभारल्या. बंगाली मुलांना अक्षरओळख करून देणारे ‘वर्णपरिचय’ हे त्यांचे पुस्तकही १८५५ चेच.

लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांच्या पाठिंब्यावर विसंबून नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या अवघ्या सात महिन्यांत त्यांनी मुलींच्या ३५ शाळा काढल्या. सुमारे १,३०० मुली शिकू लागल्या. परंतु १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीवर ताण पडला होता आणि वरिष्ठ सरकारने खर्चास मंजुरी नाकारली. शिक्षकांचे थकलेले वेतन ३,४३९ रुपयांवर गेले. शाळा विद्यासागरांच्या शब्दावर उघडलेल्या, त्यामुळे शिक्षकांचा तगादाही त्यांच्याकडेच. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर सरकारने ही बाकी चुकती केली, कायम अनुदान मात्र दिले नाही. शिक्षण संचालकांशी मतभेद होतेच. प्रकृतीही खालावली होती. दरमहा ५०० रुपयांची नोकरी १८५८ सालीच त्यांनी सोडली आणि मुलींच्या शाळांसाठी स्वतः वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला.

यापुढे सरकारी मदतीवर अवलंबून राहायचे नाही, हे त्यांनी मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनद्वारे दाखवून दिले. गोऱ्या प्राध्यापकांवाचून महाविद्यालय चालणे शक्य नाही, असा समज असताना १८७२ साली या संस्थेला विद्यापीठाची संलग्नता मिळाली. अध्यापक सर्व भारतीय होते. २९ जुलै १८९१ रोजी कोलकात्यात विद्यासागरांचे निधन झाले. मेट्रोपॉलिटनचे महाविद्यालय आज विद्यासागर कॉलेज या नावाने ओळखले जाते.